वाजती नाव आणि मुकी नाव

मी, काळुराम हिरामण मोकल, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी मिठागर आणि होडी, हल्ली खाटेवर पडून राहणे, राहणार मौजे बेलखार, तालुका पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, आणि डॉक्टरांच्या मते ते मला दिवाळी बघू देणार नाही. मला कोणी दारू पाजलेली नाही की धाक घातलेला नाही. वकीलसाहेब मजकूर नीटनेटका करून देतो म्हणाले, मी नको म्हटले. कलमांचे आकडे त्यांचे, शब्द माझे.

कलम १. बेलखार येथील माझे राहते घर, पुढची ओटी आणि मागचे परस धरून, माझी सून सरू हिला द्यावे. ती माझा मुलगा शिवा याची विधवा. हा शब्द वकिलांनी घातला आहे, आमच्या घरात तो कोणी उच्चारत नाही. सरू खांब गावची, भातशेतीवाल्यांची लेक. लग्न होऊन आली तेव्हा खाडीला नदी म्हणायची आणि मी तिची थट्टा करायचो. नवरा पाण्यात गेल्यावर ही बाई पोहायला शिकली. त्यानंतर मी थट्टा केली नाही.

कलम २. बांधाच्या आतले भाताचे खाचर आणि मिठागरातला माझा हिस्सा हाही सरूलाच. शेजारच्या हिश्शाचे मालक दरसाल माझा बांध वीतभर खातात. सरूने पहिल्याच वर्षी टेप घेऊन उभे राहावे. मी भीड धरली, तिने धरू नये.

कलम ३. मीठ ओढायची लाकडी फावडी, दोन जाळी, वल्ही आणि माझी हत्यारांची पेटी, जे उपयोगी पडेल ते तिने ठेवावे. वल्ही चांगली आहेत. बाकी जाळून अंघोळीचे पाणी तापवावे.

कलम ४. आता होड्यांचे. हे कलम लांबेल. वकीलसाहेबांनी घड्याळ बघू नये.

सन १९९८ साली एका कंपनीने जेटीवरच्या पहाऱ्याच्या दोन अल्युमिनियमच्या होड्या विकायला काढल्या. मागे मशीन लावून चालणाऱ्या, दोन्ही सोळा फुटी, रंग एकच. मी आणि माझा धाकटा भाऊ पुंडलिक, दोघांनी मिळून त्या घेतल्या. एक त्याची, एक माझी, पण कोणती कोणाची हे ठरायचे होते.

आमची आई धोंडुबाई पेणच्या बाजारात मडके घ्यायची ती आधी बोटाने वाजवून. खणखणीत वाजले तर घ्यायचे, बद्द वाजले तर चिरलेले समजून ठेवून द्यायचे. लाकडी होडीलाही आम्ही हाच न्याय लावत आलो. बद्द बोलते ती फळी आतून कुजलेली. तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात कंपनीच्या अंगणात गेलो आणि दोन्ही होड्या आडव्या बोटांनी वाजवल्या, तळापासून बैठकांपर्यंत. एक घंटेसारखी वाजली. दुसरीच्या बैठकांवर मारले तर भिजल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज.

मी म्हटले, "ही बद्द हाय. आतून गेलेली दिसते."

पुंडलिक म्हणाला, "व्हय."

आमच्यात रीत अशी की थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे, म्हणजे थोरला लबाडी करीत नाही. मी वाटे केले. पुंडलिकाने दोन्ही होड्यांकडे बघितले, मग माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, "दादा, मी ही घेतो." त्याचा हात बद्द होडीवर होता.

हे मी आज लिहितो कारण आजवर कोणाला सांगितले नाही. मला चांगली मिळावी म्हणून तो वाईट उचलतो आहे हे मला त्याच क्षणी कळले होते. मी "थांब" म्हणू शकलो असतो. मी तोंड उघडले नाही. मला आनंद झाला होता.

गावाने माझ्या होडीला वाजती म्हटले आणि त्याच्या होडीला मुकी. सात वर्षे दोन्ही चालल्या. पुंडलिकाची लोक थट्टा करायचे, तोही हसायचा.

सन २००५ च्या जुलैत आंबा नदी नागोठण्यात शिरली. छपरांवर माणसे अडकली आहेत असा निरोप आला. मला ताप होता म्हणून वाजती घेऊन शिवा गेला, आणि मुकी घेऊन पुंडलिक. दोघांनी सकाळभर माणसे काढली. दुपारी वरून लाकडांचा लोंढा आला आणि दोन्ही होड्या काठोकाठ भरल्या. मुकी पाण्याने भरून तशीच तरंगत राहिली. तिच्या काठाला धरून पुंडलिक आणि चार माणसे वाचली. वाजती मशीनच्या वजनाने मागून बसली आणि सरळ तळाला गेली. शिवा तेव्हा होडीत एकटा होता. तो चांगला पोहणारा होता, पण त्या पाण्यात पोहणाऱ्यालाही धरायला काहीतरी लागते. तिसऱ्या दिवशी सापडला. सव्वीस वर्षांचा होता.

त्याच्या तेराव्याला पुंडलिक मुकीची चेपलेली बैठक ठोकत बसला होता. कोणाच्या नजरेला पडायला नको म्हणून कामात डोके घालून बसला असावा. रिबिट सुटले, पत्रा उघडला आणि आतून पिवळा फोम निघाला. प्रत्येक बैठकीत ठासून भरलेला. होडी भरली तरी बुडू नये म्हणून बनवणाऱ्याने घातलेला. म्हणून ती बद्द वाजत होती. वाजतीच्या बैठका म्हणजे नुसता पत्रा, आत काही नाही. म्हणून ती वाजत होती. मडक्याचा न्याय मी होडीला लावला होता.

ते बघून मी जेवणाच्या पंगतीसमोर ओरडलो, "तुला ठावं व्हतं! म्हणूनशान मुकी उचललीस! माझ्या पोराला मारलंस!"

पुंडलिकाने हातोडी खाली ठेवली आणि उठला. महिन्याभरात बायकोला घेऊन रोह्याला राहायला गेला. मुकी मात्र सरूसाठी सोडून गेला. जाताना तिला म्हणाला, "सरू, ही तुला गो. ही बुडत नाय." मी त्या होडीला कोणाला हात लावू दिला नाही. चौदा वर्षे ती उघाडीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ, चिखलात पडून आहे. सरू मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालत जाते, तिच्याच शेजारून. दरसाल विचारते, "बाबा, मुकी काढू का?" मी दरसाल नाय म्हणतो. तिची मान आता एका बाजूला कलली आहे.

माझी बायको इंदुबाई मरताना म्हणाली, "भावाला बोलवा. पोरगा गेला, भाऊ तरी ठेवा." मी तिलाही नाय म्हटले.

मी चौदा वर्षे पुंडलिकाला खुनी म्हणत आलो. चावडीवर म्हटले, लग्नाकार्यात म्हटले, एसटीत अनोळखी माणसांना म्हटले. मला ते खरे वाटत नव्हते. त्याला काही माहीत नव्हते, हे जगात मला सोडून कोणाला इतके पक्के ठाऊक नाही, कारण होडी उचलताना त्याचा चेहरा मी बघितला होता. पण त्याला माहीत नव्हते असे धरले, तर वाजती घरी आणणारा मी एकटाच उरतो. ते मला सोसवले नाही. हे सगळे बोलणे मी येथे मागे घेतो.

कलम ५. वाजती माझ्या परसात दोन दगडांवर पालथी आहे. पुरातून काढली तेव्हा तिला पोचासुद्धा आला नव्हता. पाऊस पडला की ती वाजते. ती होडी म्हणून कोणाला विकू नये, फुकटही देऊ नये. सरू म्हणते हिच्यातही फोम भरू. भरू नये. कटरने तिचे तुकडे करावेत आणि भंगारवाल्याने ते माझ्या तेराव्याच्या आत न्यावेत.

कलम ६. मुकी माझी नाही, त्यामुळे ती मी देऊ शकत नाही. तिच्यावर घातलेली माझी आडकाठी मी काढतो. सरूने ती चिखलातून काढावी, धुवावी आणि चालवावी. निघायच्या आधी वाजवून बघू नये.

कलम ७. माझा भाऊ पुंडलिक याला मी काहीही देत नाही. गाव म्हणेल, काळ्याने मरतानाही भावाला पुसले नाही. म्हणू दे. त्याचे कारण असे की साक्षीदार म्हणून मला तोच हवा आहे, आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असा वकीलसाहेबांचा सल्ला आहे. त्याला देण्यासारखी माझ्याकडे एवढी सहीची जागाच आहे. त्याने हे सगळे आधी वाचावे आणि मगच सही करावी. दोन साक्षींशिवाय हा कागद रद्दी आहे, हे मला समजावून सांगितलेले आहे. दुसरा कोणी चालणार नाही. तो आला नाही तर रद्दीच होऊ दे.

सरू काल रोह्याला जाऊन निरोप देऊन आली. तो म्हणाला, "बघू."

येथवरचा मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

ठिकाण : पेण
तारीख : ३ सप्टेंबर २०१९

मृत्युपत्र करणार : काळुराम हिरामण मोकल (सही)

साक्षीदार १ : पोपट गणू ठाकूर, निवृत्त पोस्टमन, बेलखार (सही)

साक्षीदार २ : पुंडलिक हिरामण मोकल, रोहे (सही)

साक्षीदाराने सहीखाली काही लिहायचे नसते असे वकील म्हणतात, तरी लिहितो. मला ठावं असतं तर वाजती मीच उचलली असती, दादा.