घोगऱ्या आवाजाचा इलाज

आई, आज डॉक्टरांनी माझ्या घशात कॅमेरा घातला आणि समोरच्या टीव्हीवर मला माझा आवाज कुठून येतो ते दाखवलं. तिथे मोहरीएवढी एक गाठ आहे. "लहानपणापासूनची असणार. धोका काही नाही," ते म्हणाले, "पण काढली तर आवाज स्वच्छ होईल. विचार करा आणि उद्या कळवा." मला हसूच फुटलं. तू असतीस तर त्यांच्या गळ्यात शेवंतीचा हार घातला असतास आणि वर घरी पाटीभर झेंडू पाठवला असतास.

किती खटपट केलीस गं या आवाजासाठी! पहाटे मळ्यात फुलं तोडायला जायच्या आधी माझ्यासाठी काढा उकळायचीस. शाळेच्या दप्तरात पुस्तकांआधी ज्येष्ठमधाची काडी जायची. गणपतीच्या आरतीला मी तोंड उघडलं रे उघडलं की तुझं कोपर बसायचं. "तू नुसत्या टाळ्या वाजव. आवाज हाय का करवत?" मी फुगून बसायचे, मग तूच सगळ्यांत मोठा मोदक माझ्या ताटात सरकवायचीस.

पुढे याच करवतीवर माझं पोट भरायला लागलं. कॉलेजच्या गॅदरिंगला एक इंग्रजी गाणं म्हटलं, तिथून हॉटेलातला बँड, मग निफाडकडच्या द्राक्षबागांमधले संध्याकाळचे कार्यक्रम. एकदा तुला तिथे नेलं. मी डोळे मिटून, पोटातून सूर काढत 'सोल' प्रकारची इंग्रजी गाणी गात होते आणि तू मांडीवर पिशवी घट्ट धरून माझ्याऐवजी लोकांचे चेहरे बघत होतीस. टाळ्या थांबल्यावर म्हणालीस, "लोकांना घोगरंच आवडतं व्हय? मग माझा एवढा जेष्ठमध वाया गेला की!" आमचे बँडवाले अजून हे स्टेजवर सांगून हशा मिळवतात. नंतरचं मात्र तुझं बघायचं राहिलं. माझी स्वतःची मराठी पॉप गाणी आली, रिक्षांमधून वाजली. आता पहिल्या ओळीतच माणसं मला ओळखतात. फार मजेत आहे मी, आई.

उद्या मी डॉक्टरांना नको म्हणून सांगणार आहे. हाच आवाज लोकांना हवाय, असं सगळ्यांना सांगून टाकलं आणि बँडवाल्यांचा जीव भांड्यात पडला. ते खोटंही नाही. पण मला सारखा फुलबाजार आठवतोय. शाळा सुटल्यावर मी तिथे येते. पाट्यांची ढकलाढकल चाललेली असते, ज्याची त्याची पोरं आपापल्या आईला हाका मारत असतात आणि तू पाठमोरी बसून झेंडू तोलत असतेस. इतक्या हाकांना तुझी मान जराही हलत नाही. मी एकदाच "आई" म्हणते आणि तू लगेच वळून हसतेस. "आली माझी करवत."

हा कागद तुझ्या ज्येष्ठमधाच्या डबीत ठेवून देते. खरं कारण कुणाला सांगितलं नाही, तुला सांगते. कधी कुठे गर्दीत दिसलीस आणि मी मागून हाक मारली, तर तू वळायला हवीस.