उलटी जुळलेली तेरीज

११ जुलै
आज अकाउंट्सचा तिसरा तास. सर पूर्ण वेळ इंग्रजीत बोलतात, आणि तेही फळ्याकडे तोंड करून. ‘डेबिट’ व ‘क्रेडिट’ हे दोन शब्द देवनागरीत उतरवून घेतले, त्यांच्यापुढे बरोबरचे चिन्ह काढले आणि पुढची जागा मोकळी सोडली.
बाकावर शेजारी शबाना बसते. येथलीच, सिटी चौकातली, इंग्रजी माध्यमाची. वहीत डोकावून म्हणाली, "अगे, मराठीत काय लिहिती? पेपरात कोण वाचणार ते?"
बारावीला कला शाखेत, मराठी माध्यमातून, केंद्रात पहिली आले होते. ते येथे कोणाला सांगावे, आणि कोणत्या भाषेत?
बी. ए. करायचे होते. अण्णा ‘कॉमर्स’ म्हणाले, कारण सांगितले नाही.

१७ जुलै, रविवार
पहिल्या एस.टी.ने वैजापूरहून अण्णा आले. वसतिगृहाच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसलो. आईने धपाटे दिले होते.
कारण आज कळले. अण्णा माझ्या जन्माआधीपासून एकाच आडतीवर मुनीम आहेत. कोणाचा कांदा आला, कोणाला काय दिले, सारे त्यांच्या हातचे. आता थोरले शेठ घरी बसतात आणि पुण्याहून शिकून आलेले धाकटे शेठ गादीवर. त्यांचे म्हणणे असे की दिवाळीच्या पाडव्याला नव्या वह्या उघडतील त्या कॉलेजातल्या पद्धतीने. मुनिमांना जमत नसेल तर शहरातून माणूस आणू.
"मी म्हणलो, माझी पोरगी तेच शिकाया गेलीय. तिच्याकडून शिकून घेतो. पाडव्याला लई टाइम हाय अजून."
"अण्णा, मला जमले नाही तर?"
"तुला? तुला काय जमलं नाय आजवर?"
हसत म्हणाले. मी उरलेले धपाटे परत फडक्यात गुंडाळले.

२ ऑगस्ट
शब्द परके आहेत, वस्तू ओळखीची आहे! जर्नल म्हणजे आमची रोजकीर्द. लेजर म्हणजे खतावणी, प्रत्येकाचे स्वतंत्र खाते. आणि सगळ्या खात्यांची बेरीज जुळते की नाही हे पाहायचे तो ट्रायल बॅलन्स, म्हणजे तेरीज. सातवीपासून दर सुट्टीत अण्णांच्या खतावणीची नक्कल मीच करते.
क्रेडिट = जमा. डेबिट = नावे, म्हणजे नावावर मांडलेले. मोकळ्या जागा भरल्या. पहिल्यांदाच पोटभर जेवले.

११ ऑगस्ट
आठवडाभर ताप होता. सरांनी फळ्यावर खाती आखून दाखवली ते तास बुडाले. शबाना (पुढे नुसती श.) गणितांचे क्रमांक देऊन गेली: "एवढे कर, बस. डोकं नको लावू."
सगळी केली. पान दुभागले, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, अण्णांच्या वहीत असते तसेच. हात आपोआप चालतो. पुस्तकाच्या शेवटी उत्तर म्हणून केवळ तेरजेची एकूण रक्कम दिली आहे. माझी तीच आली. प्रत्येक गणितात तीच.
अण्णांना पत्र टाकले. ‘घाबरू नये. सगळे आपलेच आहे. फक्त नावे इंग्रजी.’

५ सप्टेंबर
चाचणीचे पेपर मिळाले.
सरांनी माझा पेपर वर धरला आणि आज इंग्रजी सोडली. "ये कौन है? उभी राहा. टोटल बरोबर, आणि बाकी सगळं उलटं. डेबिट उजवीकडे, क्रेडिट डावीकडे. आरशात बघून लिहिलंस का?"
वर्ग हसला.
"फॉर्मवर तर बारावीला मेरिट आहे ना तुझं? कशात, चित्रकलेत?"
‘सर, आमच्या वहीत जमा डावीकडे असते.’ हे वाक्य पूर्णविरामासह मनात तयार होते. ते तसेच ठेवून खाली बसले.
शून्य. शून्य कधी पाहिले नव्हते. म्हणजे स्वतःच्या नावापुढे.
दोन्ही बाजू एकदमच उलटल्या की बेरीज जुळणारच. इतके साधे, आणि मी त्या जुळण्यावर विश्वास ठेवून बसले.

६ सप्टेंबर
श. मधल्या सुट्टीत आली. "मी पण हसली, सॉरी. पण सांग ना, उलटं कायकू लिहिली?"
तिला सांगितले. अण्णा, आडत, डावीकडची जमा. तिने माझा पेपर उलटा फिरवून पाहिला.
"म्हणजे तू चुकलीच नाहीस! दुसरीकडून बघितलं तर बरोबर हाय."
"परीक्षेत दुसरीकडून गुण देत नाहीत."
"हौ, ते पण हाय."

१० सप्टेंबर
अण्णांचे पत्र. पोस्टकार्डभर आनंद. ‘तुझं पत्र वाचलं, जीव हलका झाला. धाकट्या शेठला म्हणलो, सगळं तेच हाय, नावं तेवढी इंग्रजी. ते म्हणले, मग पाडव्याला तुम्हीच लिहा मुनीमजी, मी शेजारी बसून बघतो.’
उत्तर लिहायला तीनदा बसले. ‘ती. अण्णांस सा. न.’ याच्या पुढे

१४ सप्टेंबर
सरांना विचारायचे ठरवले: डावीकडे डेबिट का? नियम पाठ आहे, पण अण्णा ‘का’ विचारतील. प्राध्यापकांच्या खोलीबाहेर उभी राहिले. आत हसण्याचा आवाज. सर बाहेर आले, "काय गं?" म्हणाले. मी म्हणाले, "काही नाही, सर." ते चहाला गेले.

२० सप्टेंबर
रोज सराव. डोक्याला कळते, हाताला कळत नाही. पहिल्या चाचणीत ‘डेबिट म्हणजे नावे’ धरून रोकडही उजवीकडे टाकली होती. आता ‘कॅश अकाउंट’ योग्य होते, कारण आलेली रोकड अण्णांच्या वहीतही डावीच. पण माणसाचे खाते आले की लेखणी जुन्या वाटेने जाते.
श.ने तिच्या अब्बांच्या शिलाईच्या दुकानातून हिरवा दोरा आणला आणि माझ्या डाव्या मनगटाला बांधला. "हा डेबिट. लिहायच्या आधी याच्याकडे बघायचं. आता तुझी शादी डेबिटशी लागली, समज."
हसले. कॉलेजात प्रथमच.

७ ऑक्टोबर
दुसरी चाचणी. दोऱ्याकडे पाहून पहिली खाती नीट उतरवली. मग घाईत दोरा बाहीखाली गेला. पुढची खाती जुन्या बाजूने. अर्धे पान सरांचे, अर्धे अण्णांचे. तेरीज जुळली नाही.
काही कळत नव्हते तेव्हा जुळत होती.

२९ ऑक्टोबर
दिवाळीची सुट्टी. वैजापूर. नव्या वह्या घरीच आणून ठेवल्या आहेत, लाल कापडी बांधणीच्या, अजून करकरत्या. अण्णांनी त्यांचा वास घेऊन दाखवला. आई करंज्यांत गुंतलेली. अण्णांनी आल्या आल्या विचारले नाही. वाट पाहत आहेत. मीही.

३१ ऑक्टोबर
सांगितले.
जुन्या खतावणीचे पान उघडून सांगितले की मी पत्रात चुकीचे लिहिले, बाजू तीच नाही, उलटी आहे. चाचणीचेही सांगितले. अण्णांनी चष्मा काढून धोतराला पुसला.
"शून्य म्हंजी अगदीच शून्य?"
"हो."
"आन् मी तर शेठला सांगून बसलो." मग चष्मा पुन्हा लावून, "बरं. दाव."
कोरा कागद दुभागला. एक व्यापारी पैसे आणून देतो असे धरले.
"रोकडीत कुठं?"
"डावीकडे."
"व्हय, आपल्यासारखंच. आन् त्याच्या खात्याला?"
"उजवीकडे."
"पैसा एकच ना गं बाई? मग इकडं डावा आन् तिकडं उजवा कसा?"
"तसा नियम आहे, अण्णा."
"नियम हाय ते झालं. का हाय?"
सरांना न विचारता दाराबाहेरून परतले होते, तोच हा प्रश्न.
अण्णा म्हणाले, "तुझं चुकलं नाय. माझ्याच वहीतून शिकलीस." यापेक्षा रागावले असते तर बरे झाले असते.

२ नोव्हेंबर
सकाळ-संध्याकाळ दोघे सरावाला बसतो. त्यांचा हात माझ्याहून जुना. ओळ उत्तम अक्षरात लिहितात, ती चुकीच्या बाजूला असते. स्वतःच ओळखतात, खोडतात. त्यांच्या वहीत खोडलेले मी कधी पाहिले नव्हते. आई म्हणाली, "जाऊ द्या ना, शेठला स्पष्ट सांगा." अण्णांनी पुढची ओळ आखली. मीही चुकतेच. एकदा दोघांनी एकाच ओळीला एकच चूक केली. तेव्हा मात्र हसलो.

३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
आडतीवर वहीपूजन. मीही गेले. अण्णांनी पहिल्या पानावर कुंकवाने ‘श्री’ काढली, बरोबर मधोमध. धाकटे शेठ मला म्हणाले, "काय, मुनीमजींची मास्तरीण तूच ना? उद्या बघू तुझी शिकवणी." मनाने वाईट नाहीत. अण्णाच म्हणाले, "पोरगी हुशार हाय, मालक. म्हातारा कसा निघतो ते बघा."

४ नोव्हेंबर, पाडवा
अण्णा नवे धोतर नेसून निघाले. आईने ओवाळले. मी माझ्या मनगटावरचा दोरा सोडून त्यांच्या डाव्या मनगटाला बांधला.
"ह्यो कसला गंडा?"
"या बाजूला नावे, अण्णा. लिहिण्याआधी पाहायचे. बाही वर ठेवा."
"आन् तुझ्या परीक्षेला?"
"दुसरा मिळेल."
दारातून पाहत राहिले. वळणापर्यंत जाताना त्यांनी बाही दोनदा वर सारली. दुसऱ्या वेळी सारली ती उजव्या हाताची; दोरा डाव्या हाताला.
हाक मारायला हवी होती. ते वळणापलीकडे गेले.