वाळूच्या पोत्याला परवानगी होती

प्रिय धाकट्या,

रविवार, चौदा सप्टेंबर, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. तुझ्या घरचं जेवणाचं टेबल. तक्रार करायची तर तारीख आणि वेळ आधी सांगावी, मग तोंड उघडावं, असं शाळेत सिस्टरांनी आम्हाला पट्टी आपटून शिकवलं होतं. तुझी लेक, आपली मुंगी, म्हणाली, "बाबा, माझी पॅराशूटच्या तुकडीत निवड झाली." पोर आनंदानं धड बसतही नव्हती. तू चमचा खाली ठेवलास आणि म्हणालास, "सैन्यात जायचंच आहे ना, मग आत्यासारखी पॅराशूटं बांध. उड्या पुरुषांना मारू दे." इथवर मी गिळलं असतं. पण पुढे तू म्हणालास, "आत्या अख्खी नोकरी जमिनीवर राहिली. तिनं कधी तक्रार केली?" मला न विचारता माझी साक्ष काढलीस. आणि मी, जिच्या जिभेला सगळी गल्ली टरकते, ती तांब्यातलं पाणी पेल्यात ओतत राहिले. पेला भरून वाहिला तेव्हा तुझी बायको फडकं घेऊन धावली.

ती तक्रार आज करते आहे. उशीर झाला आहे, ते मला ठाऊक आहे.

तुला आमचा पॅराशूटं बांधायचा हॉल आठवतो? लांबच लांब टेबलं, आरशासारखी फरशी. नखं कापलेली, हातात ना अंगठी ना बांगडी, कारण कापडाला एक ओरखडा म्हणजे वर कुणाचा तरी जीव. दोऱ्या सरळ करायच्या, घडीवर घडी बसवायची, हवा दाबून काढायची. तू नवा अधिकारी होऊन आलास आणि खिडकीशी उभा राहून सांगायचास, "ताईनं बांधलेलं द्या." बाकीच्या बायका हसायच्या. मी मान वर करायची नाही, पण तुझ्या पॅराशूटवर हात जरा जास्तच वेळ फिरायचा.

आमच्याकडे एक नियम होता. बांधणाऱ्याला केव्हाही फर्मान यायचं, आपणच बांधलेलं पाठीवर घे आणि उडी मार. म्हणजे कुणाचा हात ढिला पडत नाही. पुरुष उड्या मारून यायचे आणि आठवडाभर छाती काढून फिरायचे. आम्हा बायकांची बांधणी तपासायला मात्र विमानातून वाळूचं पोतं सोडत. धाकट्या, वाळूच्या पोत्याला परवानगी होती, मला नव्हती. मैदानाच्या कडेला उभी राहून मी ते पाहायची. माझं पॅराशूट फटकन उघडायचं, गोल, पांढरं, आणि अगदी सावकाश उतरायचं. पोतं गवतावर बूड टेकून बसायचं. एवढ्या उंचीवरून आलं, पण त्यानं खाली एकदाही पाहिलं नसणार.

मलाही उडी मारू द्या म्हणून मी अर्ज केला होता, हे तू सोयीनं विसरलास. साहेब तयारही झाले होते. तू संध्याकाळी माझ्या खोलीवर आलास, टोपी हातात धरून. म्हणालास, "ताई, तुला काही झालं तर आईला मी काय तोंड दाखवू?" दुसऱ्या दिवशी मी अर्ज मागे घेतला. तू विमानात चढायचास तेव्हा मी आईला काय तोंड दाखवणार होते, हे तुझ्या डोक्यात कधी आलं नाही. माझ्याही डोक्यात आलं नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. तू वर असताना मी खाली उघडलेली पॅराशूटं पुन्हा पुन्हा मोजायची, पण म्हणून मी तुला कधी खाली बसवलं नाही.

ताकद, चिखल, शत्रूच्या हाती सापडणं, तुझी ती सगळी भाषणं मला पाठ आहेत. पोरीनं तुमच्याच चाचण्या दिल्या, तेवढंच ओझं पाठीवर घेऊन धावली. जन्मली तेव्हा तळहातात मावत होती म्हणून तू तिला मुंगी म्हणालास. मुंगी काय उचलते ते कधी पाहिलंस? तुला भीती वाटते, एवढंच. मग तसं म्हण. त्यात लाज नाही. तत्त्वाचा आव कशाला?

काल तिचा फोन आला. ती नकार कळवणार आहे. म्हणाली, "आत्या, तूही खालीच राहिलीस ना? तुझं कुठे काय बिघडलं?" धाकट्या, मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मी तिला पोत्याचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं, आणि म्हणाली, "बाबा हो म्हणाले तरच." शनिवारी सकाळी तिला उत्तर द्यायचं आहे. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत तुझा होकार लेखी हवा, तिच्या हाती, आणि एक प्रत मला. फोनवर नको, फोनवर तू खोकत बसतोस. माझ्या बांधणीवर डोळे मिटून उडी मारत होतास ना? मग एकदा माझ्या शब्दावर मार.

तुझीच,
ताई