सोमवारच्या फाइल्स

रेजिना, गुरुवार, १२ फेब्रुवारी २००९

लिहायचं टाळत दोनदा चहा केला, ड्राइव्हवेवरचा बर्फसुद्धा शोव्हलने काढला. आता लिहितोच.

दुपारी ऑफिसात डेटाबेस अडकला. त्यातला प्रत्येक बदल लॉगमध्ये उतरतो, आणि लॉगची डिस्क भरली की सगळं ठप्प. डेटाबेस सांभाळणारा सुनीलदादा, ज्याच्या घरी बेसमेंटमध्ये मी राहतो, तो विंडसरला बहिणीकडे गेलेला. मी सोमवारच्या लॉग फाइल्स डिलीट केल्या. जुन्या त्या, कोणाला लागणार? काम सुरू झालं. मॅनेजर हेलन म्हणाली, "यू सेव्ह्ड अस!" आणि स्वतःचा डोनट मला दिला. मी खाल्लाही.

मग आठवलं. एवढ्या मोठ्या डेटाबेसचा पूर्ण बॅकअप फक्त रविवारी होतो. सर्व्हर बिघडला तर पुढचं सगळं लॉगवरून, क्रमानेच परत चढवायचं. सोमवार नाही, तर मंगळवारपासूनचं असून नसल्यासारखं. दादाने बजावलं होतं, "बाळ्या, बॅकअपच्या टेपवर कॉपी झाल्याशिवाय लॉगला हात लावायचा नाही." मी हो हो म्हणत खिडकीतून बर्फ बघत होतो.

आज सर्व्हर बसला तर अख्ख्या आठवड्याचं काम गेलं, आणि या नोकरीसाठी माझा शब्द टाकणारा दादा तोंडघशी. आत्ता सांगितलं तर लगेच नवा पूर्ण बॅकअप घेता येईल. मग फोन का करत नाही मी? त्या डोनटमुळे? मला शाब्बास म्हटलंय कोणी कधी?

वर दार वाजलं. वहिनी विचारतायत, "अहो, तुम्ही रविवारी येणार होतात ना?"

दादा आलाय. बेसमेंटच्या जिन्यावरूनच ओरडतोय, "बाळ्या, हेलनचा फोन आला होता. हिरो झालास म्हणे!"