टोपण काढल्यावर हलू नये

मी, मडिवाळप्पा बसलिंगप्पा मैंदर्गीकर, वय एकसष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार बाळीवेस, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. नशापाणी मी करीत नाही. बुद्धी शाबूत आहे. मन तेवढे शाबूत नाही, ते भीतीने भरलेले आहे. पण भित्र्या माणसाचे मृत्युपत्रही कायद्याने चालते, असे वकीलसाहेबांनी सांगितले आहे.

दसऱ्यापासून माझ्या छातीत डाव्या बाजूला कळ येते. डॉक्टर म्हणतात गॅस आहे. गॅस म्हणून घरी पाठवलेली माणसे मी स्वतः मयताच्या खुर्चीत बसलेली पाहून फोटोत घेतली आहेत, म्हणून हे काम पुढे ढकलत नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे खाली स्टुडिओ आणि वरच्या खोल्या, माझ्या पश्चात माझी पत्नी ईरम्मा हिचे राहील. तिच्यानंतर मुलगा चनमल्लप्पा याचे. पोस्टात आणि बँकेत जे काही असेल तेही ईरम्माचे. ते तिने आपल्या भावाला देऊ नये, ही विनंती. तो एरवी वर्षभर फिरकत नाही आणि मागायला येतो तेव्हा फार गोड बोलतो.

कलम २. वरच्या मोठ्या खोलीतली जुनी यंत्रे ही माझी खरी इस्टेट आणि खरी काळजी. त्यात पेटीचे कॅमेरे आहेत, भात्याचे घडीचे कॅमेरे आहेत, चावीचा ग्रामोफोन, व्हॉल्व्हचे रेडिओ, आणि काचेवरची चित्रे भिंतीवर दाखवणारा एक जुना दिवा आहे. काही मंगळवार बाजारात मिळाली. पुष्कळशी मयताच्या घरांतून आली. म्हातारा गेला, की त्याचा रेडिओ आधी माळ्यावर जातो आणि मग भंगारात. हे पाहून माझा जीव कासावीस व्हायचा. मी सांगायचो, फोटोचे पैसे राहू द्या, तो रेडिओ द्या. लोक हसायचे आणि द्यायचे.

प्रत्येक यंत्राचा मी फोटो काढला आहे. स्टुडिओतल्या त्याच पडद्यापुढे, ज्यावर जिना आणि तलाव रंगवलेला आहे, त्याच स्टुलावर, लग्नाच्या मुलीचा काढतात तसा जरा तिरका. मागे मूळ मालकाचे नाव लिहिले आहे. ईरम्मा विचारते, "त्या रेडिओला बघायला येनार हायत काय कुनी?" विचारू दे. माणसाने रोज संध्याकाळी ज्याचा कान पिळला त्या वस्तूचा एक तरी बरा फोटो असावा, असे मला वाटते आणि या वाटण्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही.

चनमल्लप्पाने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग टाकले आहेत. कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, माझ्यासारखा घाबरट नाही. पण या खोलीवर त्याचा डोळा आहे. "आप्पा, हितला पसारा काढला तर माल ठेवायला जागा हुईल की," असे तो दर महिन्याला म्हणतो. पसारा! माझी तिरडी उचलायच्या आधी भंगारवाल्याची हातगाडी दारात लागेल, अशी मला धास्ती आहे. (आमच्यात तिरडी नसते, बसवून नेतात, पण म्हण म्हणून लिहिले.) सबब सर्व यंत्रे मी मुलगी पार्वतम्मा ऊर्फ पार्वती हिला देतो. ती श्रीपूरला असते, जावई साखर कारखान्यात आहेत, दोन खोल्यांचे क्वार्टर आहे आणि मुले दांडगी आहेत. एवढे सगळे तिथे मावेल कुठे, हे मला कळत नाही. पण दुसरे कोणाला देऊ?

कलम ३. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करावी, पण काचेला विभूती लावू नये. लाकडाला लावावी, पत्र्याला लावावी. लग्नानंतरच्या पहिल्याच खंडेनवमीला ईरम्माने माझ्या नव्या घडीच्या कॅमेऱ्याच्या काचेवर तीन बोटे ओढली आणि दुपारी ओल्या पदराने घासून पुसलीही. राख काचेत रुतली. तेव्हापासून त्या कॅमेऱ्यात सगळे जग धुक्यात दिसते. मी दोन दिवस जेवलो नाही. तिचे म्हणणे होते, "देवाला लावलेलं चालतं, मग तुमच्या काचंलाच काय झालं?" तो कॅमेरा तिला द्यावा. तिचाच आहे तो.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. आमच्या समाजात माणूस गेला, की त्याला आंघोळ घालून, विभूती लावून, हार घालून खुर्चीत बसवतात आणि घरचे भोवती उभे राहून शेवटचा फोटो काढून घेतात. सोलापुरात आणि अक्कलकोटच्या बाजूला असे फोटो आधी माझ्या वडिलांनी काढले आणि नंतर मी. तिवईवरचा लाकडी, काचेच्या प्लेटवर फोटो घेणारा कॅमेरा वडिलांचा. त्याला खटका नाही. भिंगावरचे टोपण काढायचे, मनात सावकाश "नमः शिवाय" मोजायचे, टोपण लावायचे. उजेड कमी असेल तर जप जास्त. टोपण काढल्यावर कोणी हलू नये, हे मी प्रत्येक घरी हात जोडून सांगत आलो. कोणी ऐकत नाही. सून हुंदका देते, पोर नाक ओढते, भाऊ दाराकडे बघतो. फोटोत सगळी जिवंत माणसे पुसट येतात आणि मेलेला माणूस तेवढा लख्ख.

माझा शेवटचा फोटो याच कॅमेऱ्यावर निघावा. चनमल्लप्पाने आपल्या छोट्या कॅमेऱ्याने काढू नये. त्याने काढलेल्या एकाही फोटोत माणसाला पूर्ण डोके नसते. टोपण पार्वतीने काढावे. प्लेट भरणे, काळ्या कपड्याखाली नेम धरणे, धुणे, सारे तिला येते. श्रीपूरला तार लगेच करावी. रात्री गेलो तर सकाळच्या उजेडाची वाट पाहावी. दिवा लावून काढू नये. पार्वती पोचली नाही तर काय करावे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे आणि मला काही सुचलेले नाही.

कलम ५. शंकरप्पाला बोलावू नये. शंकरप्पा म्हणजे चौकातला फ्लॅशवाला. माणूस वाईट नाही, पण तो मयताच्या फोटोवर बारीक कुंचल्याने उघडे डोळे काढून देतो. गिऱ्हाईक खूश होते. मी त्याला एकदा विचारले, तर म्हणाला, "अवो मामा, लोकास्नी जागं मानूस लागतंय. मिटलेल्याकडं बघून जेवन जात न्हाय." माझ्या ओळखीच्या एका सौम्य म्हाताऱ्याला त्याने असले डोळे काढले, की तो भिंतीवरून सुनेवर वटारून बघतो. माझे डोळे मिटलेलेच राहू द्यावेत.

कलम ६. प्लेटा आता बाजारात मिळत नाहीत. माझ्याकडे शेवटच्या दोन उरल्या आहेत. काळ्या कागदात गुंडाळून, गारव्याला म्हणून, स्वयंपाकघरातल्या ज्वारीच्या कणगीत खोल पुरून ठेवल्या आहेत. ते पुडके कोणीही, कसलीही शंका आली तरी, उजेडात उघडून बघू नये. त्यांची मुदत कधीच टळली आहे. चालतील की नाही, माहीत नाही. तपासायचे तर एक खर्च होणार. न तपासावे तर ऐन वेळी कोरी काच निघणार आणि मी तेव्हा काही बोलू शकणार नाही.

येथवर लिहून मी थांबलो होतो. मधे दिवाळी झाली. भाऊबीजेला पार्वती आली आणि मी ठरवले, की एक प्लेट खर्चायची. तालीम करायची.

वकीलसाहेब म्हणतात, खोडाखोड केली तर कोर्टाला संशय येतो. म्हणून वरची कलमे जशीच्या तशी ठेवून, जे घडले ते आणि त्यामुळे केलेला बदल खाली लिहितो.

खुर्ची वरच्या खोलीतच खिडकीपाशी मांडली, मागे यंत्रांचे कपाट. मी डोळे मिटून बसलो. ईरम्माने विभूती लावायला साफ नकार दिला. "आता मरायची बी तालीम व्हय? जित्या मानसाला तसली विभूती मी लावत न्हाय. लई झालं की तुमचं." शेवटी कुरकुरत माझ्या डावीकडे उभी राहिली. उजवीकडे चनमल्लप्पा. कारखाना सोडून आला होता, त्यामुळे घड्याळाकडे बघत होता. पार्वती कपड्याखालून म्हणाली, "आप्पा, मान सरळ करा. आई, तू हलू नगंस."

टोपण निघाल्याचा आवाज मी आयुष्यभर ओळखत आलो. पण डोळे मिटून, खुर्चीतून, तो पहिल्यांदाच ऐकला. मोजायला लागलो आणि मोजता येईना. छाती इतकी धडधडायला लागली, की हार असता तर तो उडाला असता. खरेच असे असेल का? सगळे उभे राहून बघतायत, आणि आपल्याला मान सरळ करता येत नाही, पार्वती बरोबर मोजतेय का तेही बघता येत नाही? मला फार भीती वाटली. श्वास अडकला. तेवढ्यात ईरम्माला हसू फुटले. हसता हसता ते हसू कधी रडण्यावर गेले ते तिलाही कळले नसावे. "सुम्न कुंद्री," ती आमच्या घरातल्या कानडीत ओरडली, म्हणजे गप बसा; आणि गप तर मीच बसलो होतो.

मी डोळे उघडले. पार्वतीने टोपण लावले.

लाल दिव्यात आम्ही बापलेकींनी प्लेट धुतली. प्लेट चांगली निघाली. दुसऱ्या दिवशी छाप काढून चौघांनी पाहिला. खुर्चीचे पाय, खिडकीचे गज, कपाटातला एकेक रेडिओ, एकेक काच, सारे लख्ख. माणसे तेवढी हललेली. ईरम्माला चेहराच नाही, नुसते लुगडे आणि वर पांढरा पुंजका. माझे डोळे मिटलेलेही आहेत आणि उघडेही. खांदे कुठे संपतात ते कळत नाही.

चनमल्लप्पाला दोन तोंडे आली आहेत. एक कॅमेऱ्याकडे आणि एक माझ्याकडे.

मी चिडलो. म्हटले, तू तरी कशाला हललास?

तो म्हणाला, "तुमी दम घेत न्हवता, आप्पा. मला वाटलं, खरंच..." आणि तो खाली निघून गेला.

परवा संध्याकाळी तो कारखान्यातून डागी टॉवेलांचा गठ्ठा सायकलला बांधून घेऊन आला आणि वर जाऊन एकेका यंत्रावर एकेक टॉवेल घालत बसला. मी दारात उभा राहून बघत होतो. ग्रामोफोनला कर्णा असल्यामुळे टॉवेल नीट बसेना, तेव्हा त्याने दुसरा आणून सुतळीने बांधला. "धूळ बसती की," एवढेच बोलला. जाताना मालाची चार बंडलेही कोपऱ्यात ठेवून गेला. ती मी पाहिली आहेत. तरी हरकत नाही.

कलम ७. सबब कलम दोनमधला पार्वतीच्या नावचा भाग मी रद्द करतो. यंत्रे चनमल्लप्पाला द्यावीत. अट घालत नाही. माझ्या जाण्याने जो इतका घाबरतो, तो माझ्या वस्तू हातगाडीवर घालणार नाही, असे मी धरून चालतो. घालणार असलाच, तर ते मला कळू नये. पार्वतीला वडिलांचा लाकडी कॅमेरा, तिवई आणि काळा कपडा.

कलम ८. कलम चारही रद्द. मी गेल्यावर खुर्चीत बसवावे, विभूती लावावी, सारे रीतीप्रमाणे करावे, पण फोटो काढू नये. तार करावी ती पार्वतीला शेवटचे बघता यावे म्हणून. रडायचे त्याने रडावे, हलायचे त्याने हलावे. भिंतीवर तालमीचाच फोटो लावावा आणि हार त्यालाच घालावा. आलेगेले म्हणतील, फोटो बिघडलाय. म्हणू द्यावे. एवढ्या वर्षांत मी लख्ख आलेली माणसे पुष्कळ पाहिली, आणि त्यांतले एकही जिवंत नव्हते. मला तसे यायचे नाही. मला भीती वाटते.

कलम ९. राहिलेली शेवटची प्लेट अजून कणगीत आहे. ती माझ्यासाठी ठेवू नये. पुढच्या खेपेला पार्वती येईल तेव्हा तिने त्यावर आपल्या आईचा फोटो काढावा, मी जवळ उभा असताना. ईरम्मा हलणार, बोलणार, मधेच उठून चुलीवरचे बघायलाही जाणार. तिला कोणी गप बस म्हणू नये.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला आहे आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

सोलापूर, दिनांक २ नोव्हेंबर १९७६

साक्षीदार १. मायाप्पा निंगप्पा बुगडे, शेजारी, बाळीवेस.

साक्षीदार २. शंकरप्पा रेवणसिद्धप्पा हत्तरसंगकर, फोटोग्राफर. (दुसरा साक्षीदार ऐन वेळी मिळेना. कलम पाच ऐकून यांनी "बरं हाय की, मामा" म्हटले आणि सही केली.)

मृत्युपत्र करणार: मडिवाळप्पा बसलिंगप्पा मैंदर्गीकर

(सही करताना हात हलला आहे. सही माझीच आहे.)