औटकी बिनचूक आली म्हणून

ठाणे, मंगळवार, वैशाख, शके १८१५

१. सकाळी दादा खाडीत छातीभर पाण्यात उभा सापडला. पाण्यातून हाका येतात म्हणाला.
२. इथल्या डॉक्टरांनी त्याला औटकी विचारली. साडेतीनचा तो पाढा त्याने बिनचूक म्हटला.
३. डॉक्टर हसले. "एवढ्या हुशार माणसाला वेड कसले? सोंग आहे." घरी धाडले.

दादा पुन्हा खाडीकडे जाऊ नये म्हणून मी दाराला घातलेली कडी आबांनी लगेच काढली. मी अडवले, तर म्हणाले, "पोरी, तू बाळंतपणे शिकून आलीस, डोकी नव्हे." औटकी येते म्हणून हाका थांबतात का? जेवतानाही दादा कान देऊन ऐकत होता.

मी जिथे शिकले त्या मुंबईच्या इस्पितळातल्या डॉक्टरांना वरच्या तीन गोष्टी कळवून एवढेच लिहिले: भावाला आपण स्वतः तपासावे. शुक्रवारी माझी रजा संपते. मग त्याच्यावर लक्ष ठेवायला कुणी नाही. गुरुवारपर्यंत उत्तर द्यावे.