नव्या बोटीचा पहिला मासा

माले, ३ फेब्रुवारी १९९८

प्रिय हव्वादात्तास,
धाकट्या भावाचा, शियामचा सलाम. वि. वि.

पत्राला उशीर झालाय, तर आधी रागावून घे, मग वाच. मी पळालेलो नाही. हे वाक्य मूसाभावजींना मोठ्याने वाचून दाखव. पाहुण्यांच्या बेटावरच्या हॉटेलातून पळालो, मालवाहू होडीवरून उतरलो, छापखान्यातून तर शाई बघूनच परत फिरलो, सगळं कबूल. पण तटरक्षक दलाच्या या नव्या गस्तीच्या बोटीवरून पळायचं म्हटलं तर मधे पाणीच फार आहे.

बोट कसली, तरंगतं गाव. पांढरीशुभ्र, पुढे तोफ, आणि स्वयंपाकघरात बटाटे सोलणारं यंत्र. पहिल्या दिवशी मी तेच बघत बसलो आणि बोलणी खाल्ली. काय सांगत होतो? हां, डोळे. कप्तान जलील म्हणाले, शाळेने तुला काही दिलं नसलं तरी डोळे बगळ्याचे आहेत. म्हणून टेहळणीवर घेतलंय. सहा महिने धड काढले की नोकरी कायम. मग आईला इथे आणून तिचे गुडघे चांगल्या डॉक्टरला दाखवू.

बाकी ठीक. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा शियाम

*

दोनफुशी, ११ फेब्रुवारी

चि. शियामला दात्ताचा सलाम आणि एक धपाटा. वि. वि.

तुझं ते वाक्य ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. म्हणाले, सहा महिन्यांनी तिसऱ्यांदा वाच. आई मात्र शेजारपाजारी सांगत सुटलीय की माझा मुलगा आता तोफ चालवतो. मी बटाट्यांचं काही बोलले नाही. आता ती उठताना भिंत धरते, म्हणून या वेळी तरी टिकून राहा रे बाबा.

आणि नव्या होडीचा पहिला मासा विकायचा नसतो, घरोघर वाटायचा असतो, हे तुझ्या कप्तानांना कुणी सांगितलंय का? आमचा वाटा विसरू नका म्हणावं.

वेळेवर जेव. आमची आठवण कामाआड येऊ नये, आणि काम आठवणीआड.
हव्वा

*

बोटीवरून, १९ फेब्रुवारी

दात्ता, सलाम. वि. वि.

हे पत्र आणि सहा माणसं एकदमच तुमच्या धक्क्यावर उतरतील. घाबरू नकोस.

उत्तरेच्या हद्दीपाशी सकाळी एक होडी पहिल्यांदा मलाच दिसली. असा ओरडलो की स्वयंपाकी पीठ टाकून वर आला. नव्या बोटीची पहिली शिकार म्हणून सगळे खूश. जवळ गेलो तर होडीची घडण आपली, लुंग्या आपल्या, आणि त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने मला घातलेल्या शिव्यासुद्धा आपल्याच, आजी घालायची तशा, जुन्या वळणाच्या. हद्दीपलीकडच्या मलिकू बेटाचे निघाले. देश भारत, बोली आपली. रागवावं की हसावं ते मला कळेना.

म्हणाले, इंजिन बंद पडलं, वाहत आलो. खरंच असेल. पण गळ पाण्यात होते, ते मी पाहिलं होतं. कप्तानांनी विचारलं, मी सांगून टाकलं. मग मीच त्यांना विचारलं, की वाहत आलेल्याने पोटासाठी गळ टाकला तर तो चोर का? ते म्हणाले, ते मालेतले साहेब ठरवतील, तू नुसतं बघत जा. आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, तुला कायम करायची शिफारस मीच करतो. आनंद तर झाला, पण त्या म्हाताऱ्यासमोरून जाताना मी टोपी खाली ओढली.

निकाल लागेपर्यंत ती माणसं आणि त्यांची होडी तुमच्याच बेटावर राहतील, त्यांना नीट जेवू घाल. तुझी माया त्यांनाही थोडी पुरू दे.
शियाम

*

दोनफुशी, २६ फेब्रुवारी

चि. शियाम, सलाम. वि. वि.

गावप्रमुख म्हणून कतीबांनी सहाजण सहा घरांत वाटून दिले. नव्या बोटीचा पहिला मासा घरोघर आला म्हणून गाव आठवडाभर हसत होतं. आमच्या वाट्याला आदम तक्रू आले, तुला शिव्या देणारे तेच. मला लेकी म्हणायचे, माशाच्या पाण्यात लिंबू कमी पडलं म्हणायचे, आणि रोज सकाळी त्या बोटीवरच्या बगळ्याचा उद्धार करायचे. बगळा माझा भाऊ आहे हे सांगायला माझी जीभच उचलेना.

काल वायरलेसवर कतीबांना हुकूम आला. होडी जप्त, माणसं मालेच्या कोठडीत, गळ पाहिलेला साक्षीदार आहे म्हणे. ती होडी आदम तक्रूंची एकट्याची नाही रे, त्यांच्या सबंध आळीची आहे. ती गेली तर आळीने खायचं काय?

ह्यांनी इंजिन चालू करून दिलं. आत टायरचं रबर बांधलंय, टिकेल तेवढं टिकेल. आज उजाडताना सगळ्या गावाने मिळून होडी पाण्यात ढकलली. कतीब तेव्हा चष्मा शोधत होते. तो त्यांच्या नाकावरच होता. निघताना मी आदम तक्रूंना सांगून टाकलं, की तो बगळा आणि साक्षीदार माझाच भाऊ. दोर गुंडाळत म्हणाले, त्या वयात मीही खरंच बोलायचो.

तुला मारू की जवळ घेऊ, मलाच कळत नाही. पुन्हा कधी ती होडी दिसलीच तर... जाऊ दे, हे वाक्य मी पुरं करत नाही. आईचे गुडघे फार सुजलेत.

रागावले तरी तुझीच,
हव्वा

*

बोटीवरून, १ मार्च

दात्ता, सलाम. वि. वि.

तुझं पत्र काल कुळुदुफुशीच्या धक्क्यावर हातात पडलं आणि बोट सुटली, ती त्यांच्याच मागावर. कप्तान म्हणाले, मलिकू एका दिवसाची वाट, एव्हाना ते घरी जेवून झोपलेही असतील, तरी हुकूम आहे तर एक चक्कर मारू.

आज दुपारी मला त्यांची होडी दिसली. पार लांब, काडीएवढी. काही दिसतंय का असं कप्तानांनी विचारलं, तर मी नाही म्हणालो. तुझं अर्धं वाक्य मी पुरं केलं. बोटीने तोंड फिरवलं. मला वाटलं, आता बरं वाटेल.

पण होडीत एकजण उभा राहून कापड हलवत होता. आधी वाटलं, मला ओळखून निरोप देतायत. मग वाटलं, पळणारा माणूस उभा कशाला राहील? तो तर आडवा पडेल. होडी चालत होती की नुसती डुलत होती, एवढंच नेमकं मी बघितलं नाही. भावजींना विचार ना, ते रबर किती टिकतं. पण तुझं उत्तर येणार कधी!

सांगायला गेलो तर नोकरी जाईल, आईचे गुडघे तसेच राहतील, तुमच्या गावावर संकट येईल. आणि ते खरंच निरोप देत असले तर मीच त्यांना दुसऱ्यांदा धरून दिल्यासारखं होईल. डोकं ताळ्यावर यावं म्हणून लिहायला बसलो, तर प्रत्येक ओळीला बोट त्यांच्यापासून लांब चाललीय आणि मी ओळी वाढवतोय.

आत्ता वरचं लिहिलेलं परत वाचलं. मलिकू एका दिवसाची वाट. त्यांना निघून आज चौथा दिवस, मग ते अजून तिथे काय करतायत, दात्ता?

वर जातो, कप्तानांकडे. आईला इतक्यात काही सांगू नकोस. तुझी माया मात्र माझ्या नावाने राखून ठेव, बहुतेक तिकडेच येतोय.
शियाम